तत्त्वज्ञान घ्या, पण आपला प्रश्न घेऊन
वस्तीतल्या मुलीने बी.ए.ला तत्त्वज्ञान घेते म्हटले की घरचे विचारतात, नोकरी कुठली? प्रश्न रास्तच आहे. पण २०२०च्या शैक्षणिक धोरणाने मेजरला मायनरची जोड दिली आहे. ही निवड दुसऱ्यावर सोडू नये. कोलंबियात (१९१३-१६) बाबासाहेबांचा मुख्य विषय अर्थशास्त्र, तरी त्यांनी तत्त्वज्ञानाचे ५, समाजशास्त्राचे ६ अभ्यासक्रम घेतले. तिथले गुरू जॉन ड्युई १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दिसतात. जात छळत असेल तर नीतिशास्त्राचे पेपर निवडा, मायनरला समाजशास्त्र घ्या. भारतीय तत्त्वज्ञानात शंकराचार्य येणारच, धर्मकीर्तीही मागा. त्याने जातीचा गर्व मूर्खपणाच्या पाच लक्षणांत मोजला आहे! विभागात बौद्ध तर्कशास्त्र शिकवत नसतील, तर दहा मुलांच्या सह्यांचा अर्ज प्राचार्यांना द्या आणि पोच घ्या.