कोणाकडं उतरणार?

जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा गोरेगावात जी भेटेल ती मला एकच प्रश्न विचारत होती. आईनं विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, बचत गटाच्या बैठकीत विचारलं. सेनगावच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनंही विचारलं, "एवढ्या लांब चाललीस माय, तिथं कोणाकडं उतरणार?" काम काय, खर्च किती, भाषा येते का, हे सगळं नंतर. आधी, कोणाकडं.

काम होतं सामाजिक कार्यकर्त्यांच्या चार दिवसांच्या बैठकीचं. त्या चार दिवसांची सोय बोलावणाऱ्यांनी केली होती. पण एवढ्या लांब जायचं आणि बैठकीची खोली पाहून परत यायचं, हे मला आणि माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला पटेना. बैठकीनंतर तीन रात्री बर्लिनमध्ये राहायचं आणि शहर पाहायचं, असं आम्ही ठरवलं. त्या तीन रात्रींची सोय आमची आम्ही करायची होती. व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे गोरेगावात बसून बर्लिनमधला पलंग निवडायचा!

तेव्हा लक्षात आलं की मला हे येतच नाही. पस्तिशी आली, एम.एस.डब्ल्यू. केलं, कामासाठी सगळा मराठवाडा पालथा घातला, पण रात्री राहायची जागा मी स्वतः कधी निवडलेली नाही. लहानपणी मामाकडे, आत्याकडे. शिकताना वसतिगृहात, तेही कॉलेजनं दिलेल्या आणि संध्याकाळी सातला दार लावणाऱ्या. लग्नानंतर सासरच्या नातेवाइकांकडे. पंढरपूरला गेलो तर मठात, पण वहीत नाव नवऱ्याचं. कामाला गेले तर संस्थेच्या कार्यालयात सतरंजीवर, नाहीतर एखाद्या कार्यकर्तीच्या घरी. बाईच्या मुक्कामाला नेहमी कोणाचं तरी दार लागतं. आईचा प्रश्न म्हणूनच चुकीचा नव्हता. तिच्या जन्मात 'कुठं उतरणार' असा प्रश्न कधी आलाच नव्हता.

मग आम्ही दोघी निवडायला शिकलो. बर्लिनच्या लोकल प्रवासाचे ए, बी, सी असे तीन पट्टे आहेत. शहराला फेरी घालणाऱ्या गोल रेल्वेच्या आतला भाग ए, त्याबाहेरचं उरलेलं शहर बी आणि विमानतळ सी पट्ट्यात. स्वस्त खोली बहुतेक लांब असते, आणि वाचवलेले पैसे येण्याजाण्यात जातात. खोलीचा भाव सगळीकडे सारखा नाही, सगळ्या दिवसांत तर नाहीच. म्युनिकला सप्टेंबरअखेरीस बिअरचा उत्सव भरतो, फ्रँकफर्टला ऑक्टोबरात पुस्तकांची जत्रा. त्या दिवसांत तिथे खोलीच्या वाटेला जाऊ नये. न्याहारी धरलेली आहे की वेगळी, न्हाणीघर स्वतंत्र की सामाईक, हे आधी पाहावं लागतं. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच पाव-दूध आणून ठेवायचं.

पण आमच्या यादीत पहिले प्रश्न वेगळेच होते. स्टेशनपासून दारापर्यंत किती चालायचं? त्या रस्त्यावर रात्री दिवे, माणसं असतात का? रात्री उशिरा आलो तर दार उघडायला कोणी असतं का? खोलीला आतून कडी आहे ना? पुरुष प्रवासी भाव बघतो, खिडकीतून काय दिसतं ते बघतो. आम्ही कडी बघत होतो. शेवटी गोल रेल्वेवरच्या एका स्टेशनाजवळच्या वसतिगृहात, फक्त बायकांसाठी असलेल्या सहा पलंगांच्या खोलीत आम्ही दोन पलंग घेतले.

पहिल्या संध्याकाळी तिथल्या टेबलापाशी उभी राहिले. तिथल्या तरुण मुलीनं पासपोर्ट पाहिले, कागदावर सह्या घेतल्या, किल्ली दिली. मी अजून तशीच उभी. मैत्रीण म्हणाली, "चल ना, झालं." मला खरंच वाटत नव्हतं की झालं. मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होते, "सोबत जेंट्स कोण आहे?"

हा प्रश्न माझ्या कानात कुठून बसला ते सांगते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका बाईला खालच्या कोर्टानं पोटगी मंजूर केली होती. नवऱ्यानं त्याविरुद्ध उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अर्ज केला. हिंगोली जिल्ह्याचं उच्च न्यायालय तेच. वकिलांनी कागदांवर सह्या करायला बोलावलं. सकाळची एसटी धरली तरी पोचेपर्यंत दुपार उलटली, आणि वकील म्हणाले, "उद्या सकाळी या." आम्ही दोघी लॉज शोधायला निघालो. पहिल्या ठिकाणी, "लेडीज एकट्या असतील तर देत नाही." आम्ही दोघी होतो, तरी एकट्याच! दुसऱ्या ठिकाणी आमची ओळखपत्रं उलटसुलट पाहून, आडनावं वाचून, "फुल्ल आहे." तिसऱ्या ठिकाणी तो प्रश्न, "सोबत जेंट्स कोण आहे?" आणि वर समजावणी, "ताई, तुमच्याच सुरक्षिततेसाठी सांगतो." आमच्या सुरक्षिततेसाठी त्यानं आम्हाला रात्री नऊ वाजता रस्त्यावर ठेवलं. ती रात्र आम्ही बसस्थानकाच्या बाकावर काढली. एक झोपली की दुसरीनं जागायचं. सकाळी नळावर तोंड धुऊन कोर्टात गेलो.

पुढे दोन्ही बाजूंना मध्यस्थीसाठी बोलावलं. ती मला म्हणाली, "ताई, तशी रात्र पुन्हा नको. भावाला नेते सोबत." भाऊ गेला, त्याला लॉजमध्ये खोली लगेच मिळाली. दुसऱ्या दिवशी मध्यस्थासमोर भाऊच बोलला. एकरकमी थोडेसे पैसे घेऊन मिटवून टाकलं. पोटगी सुटली. ती गप्प होती. कायद्यानं ती जिंकत आली होती. हरली ती एका रात्रीच्या मुक्कामापायी. आमच्या कामाच्या अहवालात हे कारण कुठल्या रकान्यात लिहायचं?

मैत्रिणींनो, हा प्रश्न नवा नाही. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी नवऱ्याशिवाय बोटीनं अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंनी घराचं दार उघडलं, म्हणून त्यांचं शिक्षण उभं राहिलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. आपण यांना शिक्षणसंस्था म्हणतो. पण त्यात शिकणं शक्य झालं ते तिथे राहायला मिळालं म्हणून. आधी पथारी, मग पाटी. याच कर्व्यांची सून इरावतीबाई १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि १९३० साली तिथून डॉक्टरेट घेऊन आल्या. त्या जिथे शिकल्या ती दालेम भागातली इमारत आम्ही मुद्दाम जाऊन पाहिली.

जर्मनीतल्या बायकांनाही हे कोणी आयतं दिलेलं नाही. खेड्यांतून कामाच्या शोधात बर्लिनला येणाऱ्या मुलींना स्टेशनवरच दलाल गाठत. म्हणून १८९४ साली तिथे पहिलं स्टेशन-सेवा केंद्र निघालं. गाडीतून उतरलेल्या मुलीला रात्रीचा सुरक्षित निवारा आणि कामाचा पत्ता देणं हे त्याचं काम. अशी केंद्रं आजही जर्मनीतल्या अनेक स्टेशनांवर आहेत, आणि आता ती अडचणीतल्या कोणालाही मदत करतात. मारहाणीतून सुटलेल्या बायकांसाठी पहिलं घर पश्चिम बर्लिनमध्ये १९७६ साली उघडलं, ते तिथल्या स्त्री-चळवळीच्या रेट्यानं. पश्चिम जर्मनीत विवाहित बाईनं संसार सांभाळून जमत असेल तरच नोकरी करावी, हे कायद्याच्या पुस्तकात १९७७ पर्यंत होतं. आजही परदेशी नावाच्या माणसाला तिथे भाड्याचं घर सहज मिळत नाही. तो काही स्वर्ग नाही. पण दार उघडावं म्हणून तिथल्या बायका भांडल्या, हे खरं.

आपल्याकडे भांडायला आधार नाही का? आहे, आणि भक्कम आहे. संविधानाचं कलम १५(२) सांगतं की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत मज्जाव करता येणार नाही. हे सरकारपुरतं नाही, खाजगी हॉटेलवाल्यालाही लागू आहे. संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांनी हा नकार स्वतः भोगलेला होता. १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना कुठे जागा मिळेना. पारशी नाव लिहून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं, आणि परदेशात शिकून आलेला हा विद्वान कामाठी बागेत झाडाखाली बसून राहिला. दलित, मुस्लिम, भटक्या जमातीतल्या बाईला आज लॉजच्या टेबलावर दुहेरी नकार मिळतो. एक बाई म्हणून, दुसरा आडनावामुळे. हे आपण विसरता कामा नये.

आता सरकारी सोयी पाहा. हिंसा झालेल्या बाईसाठी २०१५ पासून जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्रं आहेत, तिथे काही दिवसांचा आसरा मिळतो. नोकरी करणारीसाठी १९७२-७३ पासून वसतिगृहांची योजना आहे, आता तिला सखी निवास म्हणतात. म्हणजे मार खाल्ला असेल तर जागा, नोकरी असेल तर जागा. पण जी नुसती आली आहे तिचं काय? भरतीची परीक्षा द्यायला आलेली मुलगी, तारखेला आलेली बाई, नांदेडच्या दवाखान्यात आईला दाखवायला आणलेली लेक, किंवा मनात आलं म्हणून शहर पाहायला आलेली आपली कोणी? १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. फार चांगलं झालं, बायका बाहेर पडल्या. पण अर्ध्या तिकिटात शहरात पोचलेल्या बाईनं रात्री कुठे पाठ टेकायची, हे कोणी ठरवलेलं नाही. म्हणून तिचा प्रवास संध्याकाळच्या शेवटच्या गाडीला बांधलेला राहतो.

म्हणून माझं म्हणणं एवढं आहे. मुक्काम ही आपल्या कार्यक्रमपत्रिकेवरची बाब झाली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्याच्या बसस्थानकावर बायकांना रात्रभर राहता येईल अशी पलंगांची, कडीची, न्हाणीघराची खोली हवी, आणि तिच्यासाठी नवरा, भाऊ, मारहाण किंवा नोकरी यांपैकी कशाचाही दाखला मागू नये. लॉजनं नाकारलं तर मुकाट्यानं परतायचं नाही. कारण लेखी मागायचं, कलमाचं नाव घ्यायचं, पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार द्यायची. बाईसोबत पुरुष हवा असा कोणताही कायदा नाही, हे टेबलापलीकडच्या माणसाला अजून कोणी सांगितलेलंच नाही. आपण सांगायचं.

आणि सरकारची वाट न पाहता करण्यासारखं एक काम. आम्ही गोरेगावात गटाच्या कपाटात मुक्कामाची वही ठेवली आहे. कोणीही परगावी राहून आली की लिहायचं. जागा कोणती, भाव किती, कडी होती का, काय विचारलं, कसं वागवलं. नांदेडच्या दोन जागा नोंदल्या गेल्या, एक घेण्याजोगी, एक टाळण्याजोगी. अशी वही प्रत्येक गटानं ठेवली आणि आपण त्या एकमेकींना पाठवल्या, तर आपल्या बायकांचा महाराष्ट्राचा नकाशा तयार होईल.

बर्लिनची नोंद मीच केली. आईनं ती वाचायला लावली. सहा पलंग, सहा बायका, आतून कडी, हे ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आपल्याकडं अशी खोली कुठं असंल तर सांग. मला एकदा मुंबई बघायचीय."

कोणाकडं नाही. कुठं. आईच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. उत्तर आपल्याला द्यायचं आहे.