विश्लेषण : पहिल्या अणुचाचणीच्या बाधितांना भरपाईसाठी ८० वर्षे का लागली?

जगातील पहिली अणुचाचणी १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झाली. तिच्या किरणोत्साराची झळ बसलेल्या रहिवाशांना भरपाईचा हक्क मिळाला तो थेट जुलै २०२५ मध्ये. एवढा विलंब का झाला?

चाचणी कशी झाली?

‘ट्रिनिटी’ हे चाचणीचे सांकेतिक नाव. पहाटे साडेपाचच्या सुमारास ३० मीटर उंचीच्या पोलादी मनोऱ्यावर प्लुटोनियम बॉम्बचा स्फोट घडवण्यात आला. उष्णतेने वाळू वितळून तिची हिरवट काच झाली. याच रचनेचा बॉम्ब २४ दिवसांनी नागासाकीवर पडला.

वाळवंट निर्मनुष्य होते का?

नाही. सुमारे २४० किलोमीटरच्या परिघात जवळपास पाच लाख लोक राहत होते. अनेक कुटुंबे छपरावरून पडणारे पावसाचे पाणी टाक्यांत साठवून पीत, घरच्याच जनावरांचे दूध वापरत. स्फोटाची किरणोत्सारी धूळ या छपरांवर आणि कुरणांवर पडली. गुप्ततेपायी कोणालाही पूर्वसूचना देण्यात आली नाही, की हलवण्यात आले नाही. दारूगोळ्याच्या कोठारात स्फोट झाला, असे नंतर जाहीर करण्यात आले.

कायद्यातून ते कसे सुटले?

१९५१ ते १९६२ दरम्यान नेवाडाच्या वाळवंटात सुमारे १०० अणुचाचण्या खुल्या वातावरणात झाल्या. त्यांच्या बाधितांसाठी १९९० मध्ये कायदा झाला. नेवाडा, युटा आणि ॲरिझोनाच्या काही भागांतील, ठरावीक कर्करोग झालेल्या रहिवाशांना ५० हजार डॉलर देण्याची त्यात तरतूद होती. न्यू मेक्सिकोचे रहिवासी मात्र वगळले गेले. म्हणजे ‘ट्रिनिटी’च्या जागी काम करणारे भरपाईस पात्र ठरले, शेजारी राहणारे नाही.

आता काय बदलले?

जून २०२४ मध्ये या कायद्याची मुदत संपली. जुलै २०२५ मध्ये तो पुन्हा लागू करताना न्यू मेक्सिकोचा समावेश झाला आणि रक्कम एक लाख डॉलर करण्यात आली. वारसांनाही दावा करता येतो. पण त्यासाठी त्या काळातील वास्तव्याचे आणि आजाराचे पुरावे हवेत. आठ दशकांनंतर ते जमवणे सोपे नाही. ज्या सरकारने स्फोटाची खबरही दिली नाही, त्याच सरकारपुढे ‘आमची माणसे तिथे राहत होती’ हे आता सिद्ध करायचे आहे.