नेव्हिल आपला नव्हे?

गोव्यातल्या मराठी माणसांच्या आठवणी आवडीनं वाचतो. जत्रेतली नाटकं, भजनी सप्ते, वाचनालयं, मराठी शाळा, सगळं येतं. फुटबॉल तेवढा येत नाही. विषय काढला की ठरलेलं उत्तर, "तो त्यांचा खेळ."

त्यांचा म्हणजे कुणाचा हो? भातकापणी झाली की आमच्या शेतांत सामने व्हायचे, त्यात नाईकांची पोरं होती तशी डिसोझांचीही.

नेव्हिल डिसोझा आमच्या बार्देशातल्या आसगावचा. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्यानं यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल ठोकले. भारत ४-२ नं जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. पुढं युगोस्लाव्हियाविरुद्ध आणखी एक गोल केला. एकूण चार. स्पर्धेत त्याहून जास्त गोल कुणाचेच नव्हते. भारत चौथा आला.

तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं. मुक्तीला पाच वर्षं बाकी होती, आणि आसगावचा हा गडी भारताची जर्सी घालून खेळत होता!

क्लब फुटबॉल खेळला तो मुंबईत, टाटा आणि कॅल्टेक्सकडून. अर्जुन पुरस्कार त्याला कधीच मिळाला नाही. १९८० साली गेला. सरकार विसरलं म्हणून ओरडायला आपण मोकळे, पण आपल्या आठवणींत तरी तो कुठं आहे?

गोल मोजताना आडनाव बघायचं नसतं. पुढच्या वेळी बार्देशावर लिहाल तेव्हा नेव्हिलला एक परिच्छेद द्या. तेवढं देणं आहे आपलं.