अंधारात बसलेली आई

गेल्या महिन्यात आमच्या घरच्यांच्या ग्रुपवर दादाने न्यू जर्सीहून एक विनोद टाकला. जुनाच आहे. एक बल्ब बदलायला किती ज्यू आया लागतात? एकही नाही. "राहू दे रे बाळा, मी बसते अंधारात. तू जा, मजा कर." खाली दादाची पुस्ती : "ही तर आपली माई!" मग हसऱ्या पिवळ्या तोंडांची ही भलीमोठी रांग. त्यातलं एक तोंड माझं.

माईपण त्याच ग्रुपवर आहे. तिने अंगठा पाठवला. पण त्यानंतर सलग तीन रविवार तिने दादाला फोन केला नाही. चौथ्या रविवारी दादाचा मला फोन, "माई बरी आहे ना गं?"

बरी आहे. विनोद मनावर घेतलाय, एवढंच.

तेव्हापासून ही ज्यू आई माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलीय. थोडं वाचलं, थोडं पाहिलं आणि माझं ठाम मत झालं की हा विनोद मुळात आईवर नाहीच. मुलांनी आपल्या मनातली टोचणी आईच्या नावावर खपवलेली आहे. दादा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. रागवायचं असेल तर शेवटपर्यंत वाच, मग रागाव :-)

पहिली गोष्ट म्हणजे ही बाई आधी हसवणारी नव्हती, रडवणारी होती. १९२८ साली सोफी टकरने 'माय यिडिशे मामे' हे गाणं रेकॉर्ड केलं. तबकडीच्या एका बाजूला इंग्रजीत, दुसऱ्या बाजूला यिद्दिशमध्ये. गरिबीत हाडं झिजवलेली म्हातारी आई आणि तिच्या आठवणीने गदगदलेलं लेकरू. १९२७च्या 'द जाझ सिंगर' सिनेमात मुलगा नाव बदलून रंगमंचावर जातो, बाप त्याला घराबाहेर काढतो, आईची माया तेवढी आटत नाही.

मग १९६४मध्ये डॅन ग्रीनबर्गचं 'हाऊ टू बी अ ज्यूइश मदर' हे विनोदी पुस्तक आलं. १९६९मध्ये फिलिप रॉथची 'पोर्टनॉयज कम्प्लेंट' आली. तिचा नायक मानसोपचारतज्ज्ञासमोर पानंच्या पानं आईच्या नावाने बोटं मोडतो. चाळीसेक वर्षांत देवीची कैदाशीण झाली! बाई बदलली होती का हो? ती जे म्हणायची तेच म्हणत होती. जेव, स्वेटर घाल, पोचलास की कळव. बदलला होता तो मुलाचा पत्ता.

हे जरा सावकाश सांगते. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून २० लाखांहून जास्त ज्यू अमेरिकेत आले. तिकडच्या गावांत कितीतरी बायका बाजारात दुकानं चालवायच्या. नवऱ्याने धर्मग्रंथ वाचणं ही घराची इभ्रत, आणि चूल पेटती ठेवणं बाईच्या माथी. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला आल्यावर त्यांनी दोन-तीन खोल्यांत पोटभाडेकरू ठेवले, शिवणकाम घरी आणलं. मे १९०२मध्ये कोशेर मांसाचा (म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे कापलेल्या) भाव पौंडाला १२ सेंटांवरून १८ सेंटांवर गेला, तेव्हा ह्याच आया रस्त्यावर उतरल्या. दुकानांवर बहिष्कार घातला, घरोघर फिरल्या, मांस रस्त्यात फेकलं, पोलिसांशी झटापटी केल्या, अटकही करून घेतली. काही आठवड्यांत भाव उतरला. ह्या बायका अंधारात बसून उसासे टाकणाऱ्या वाटतात का तुम्हाला?

पुढे मुलं शिकली, कमावती झाली, दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरातल्या घरांत राहायला गेली. तिथल्या रीतीप्रमाणे चांगल्या घरच्या बाईने कमवायला बाहेर पडायचं नसतं. सगळा बाजार हाकणारी अक्कल एका स्वयंपाकघरात आणि दोन पोरांत कोंडली गेली. आणि मग म्हणायचं, ही फारच मागे लागते बुवा! जिने उपासमार पाहिली ती 'जेवलास का' नाही विचारणार तर काय विचारणार?

मुलाला आतून ठाऊक असतं की आपण कुणाच्या खांद्यावर पाय देऊन वर आलो. ते ऋण फेडता येत नाही आणि विसरताही येत नाही. मग गाण्यात तो त्यावर रडतो आणि विनोदात हसतो. दोन्हीकडे त्याचं मन हलकं होतं, आणि दोन्हीकडे आईला स्वतःचं असं काही बोलायची पाळीच येत नाही. वूडी ॲलनने १९८९च्या 'न्यूयॉर्क स्टोरीज'मध्ये तिला थेट मॅनहॅटनच्या आभाळात चढवली. तिथून ती सगळ्या शहराला मुलाच्या खासगी गोष्टी सांगत सुटते. 'द बिग बँग थिअरी'तल्या हॉवर्डची आई म्हणजे तर आतल्या खोलीतून येणारी नुसती आरडाओरड. तिचा चेहरा मालिकेत कधी दिसलाच नाही. तो आवाज देणारी कॅरल ॲन सूझी २०१४मध्ये वारली, त्यानंतर ते पात्रही गेलं. ही मालिका मी आवडीने पाहिली आहे, खोटं कशाला बोलू? चेहरा नसलेल्या बाईवर हसणं किती सोपं असतं, हे मात्र तेव्हा लक्षात आलं नाही.

"अगं, पण विनोद त्यांचाच आहे. ते स्वतःवरच हसतायत." हा आक्षेप येणारच. पण स्वतःवर हसणं वेगळं आणि आईवर हसून 'मी स्वतःवर हसतो' असं म्हणणं वेगळं. बाई स्वतः लिहायला बसली की काय होतं त्याचाही दाखला आहे. गर्ट्रूड बर्गने 'द गोल्डबर्ग्ज' ही मालिका १९२९पासून रेडिओवर आणि १९४९पासून टीव्हीवर चालवली. लेखिका तीच आणि मॉली गोल्डबर्गचं काम करणारीही तीच. मॉली खिडकीतून हाका मारते, नको तिथे नाक खुपसते, इंग्रजीची मोडतोड करते. लोक पोट धरून हसले, बर्गला एमी पुरस्कारही मिळाला. पण मॉलीला डोकं होतं. घरातले गुंते तीच सोडवायची. म्हणजे आईवर विनोद होऊ शकतो, तिला बाहुली न करता!

सोफी टकरचंच घ्या. १९०६च्या सुमारास ती तान्हं मूल माहेरी ठेवून न्यूयॉर्कला गायला गेली. घरी पैसे पाठवत राहिली आणि चावट गाणी म्हणून गाजली. खरीखुरी ज्यू आई ही. ती स्वतःच्याच गाण्यात मावत नाही, मग बल्बच्या विनोदात कुठून मावणार?

आणि दादा, ज्यू आई पाहायला तुला न्यू जर्सीला जायची गरज नव्हती. आपल्या अलिबागकडच्या बेने इस्रायलींच्या आया मराठीतच बोलायच्या, लुगडी नेसायच्या, मलिद्याचं ताट मांडायच्या. त्यांच्यावरचा असा एकही विनोद मी आजवर ऐकलेला नाही. कवी निसीम इझिकेल बेने इस्रायलच. त्यांची आई शाळा चालवायची. त्यांची 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' ही कविता तुमच्यापैकी कितीतरी जणांना शाळा-कॉलेजात असेल. विंचू चावून तळमळलेली आई शेवटी देवाचे आभार मानते, का, तर पोरं वाचली म्हणून. विचार केला तर ही त्या अंधारात बसणाऱ्या आईचीच भाषा. पण ती कविता वाचून कुणी हसत नाही. कारण तिथे मुलगा मजा करायला गेलेला नाही. तो जवळ आहे आणि डोळे उघडे ठेवून बघतोय.

बल्बच्या विनोदात नेमकं हेच नाही. त्यातही मुलगा तिथेच उभा आहे, धडधाकट आहे, आणि बल्ब बदलायला दोन मिनिटं लागतात. तो का उठत नाही, हे मात्र कुणीच विचारत नाही. आई अंधारात बसते आणि आपण हसतो आईला!

असो. फार लांबलं. दादा, ह्या रविवारी माईच्या फोनची वाट बघू नकोस. तू कर. 'जेवलीस का' एवढंच विचार, आणि विचारताना आपण किती मागे लागतोय असं वाटतं का ते मला कळव.