विश्लेषण : मूल आजारी आहे, शाळेत पाठवायचे की घरी ठेवायचे?

पावसाळ्यात अनेक घरांत सकाळी हा प्रश्न उभा राहतो. मुलाचे अंग गरम लागते आणि नेमकी त्याच दिवशी घटक चाचणी असते. निर्णय घाईत होतो. त्यासाठी निकष मात्र साधे आहेत.

ताप असेल तर?

ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर मूल घरीच ठेवावे. पॅरासिटामॉल देऊन पाठवण्याने काहीच साधत नाही. औषधाने ताप उतरतो, संसर्ग जात नाही. चार-सहा तासांत औषधाचा असर ओसरला की मूल वर्गातच पुन्हा तापते. औषधाशिवाय 24 तास ताप नसेल, तेव्हाच शाळा.

इतर आजारांत किती दिवस?

उलट्या-जुलाब थांबल्यानंतर 48 तास. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत. गालगुंडात सूज आल्यापासून 5 दिवस. गोवरात पुरळ उठल्यानंतर 4 दिवस. गोवर पुरळ उठण्याच्या 4 दिवस आधीपासूनच पसरतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात त्याची साथ आली होती. म्हणून ताप, खोकला आणि लाल डोळे एकत्र दिसले तर पुरळाची वाट पाहू नये.

पाठवायला हरकत कधी नाही?

साधी सर्दी आहे, ताप नाही, मूल नेहमीसारखे खाते-खेळते, तर शाळा बुडवण्याची गरज नाही. उवा झाल्या म्हणूनही घरी ठेवू नये. मात्र धाप लागत असेल, मूल मलूल पडले असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर थेट डॉक्टरांकडे न्यावे.

मग अडते कुठे?

हे बहुतेक पालकांना ठाऊक असते. पण आई-वडील दोघेही कामावर, रोजंदारीवर असतील तर एक खाडा म्हणजे दिवसाची कमाई गेली. त्यात शंभर टक्के हजेरीचे बक्षीस आणि बुडालेल्या चाचणीचे शून्य गुण. अशा वेळी तापलेले मूल शाळेत येते, त्याचा दोष एकट्या पालकांचा नाही. आजारपणाची रजा हजेरीच्या बक्षिसातून वगळणे, चाचणी पुन्हा घेणे आणि बुडालेला अभ्यास कळवणे, एवढे शाळांनी केले तरी बराच फरक पडेल. यासाठी वेगळा निधी लागत नाही. एका मुलाची दोन दिवसांची रजा अख्ख्या वर्गाचे आजारपण वाचवू शकते. तिला शिक्षा असू नये.