ओट्यावरचा उजेड



घरात दिवा कुठे लावायचा हे बहुधा घर बांधणारा ठरवतो, नाहीतर वायरमन. ओट्यापाशी रोज तासन् तास उभी राहणारी बाई त्या वेळी विचारात घेतली जात नाही. म्हणून आपल्या बहुतेक घरांत ओट्याकडे तोंड केले की ट्यूब पाठीमागच्या भिंतीवर येते. उजेड पाठीवर पडतो आणि आपलीच सावली ओट्यावर. वर पोटमाळा किंवा भांड्यांची मांडणी असेल तर आणखी काळोख. ज्या हातात सुरी आहे, ज्या हाताने उकळते भांडे उतरवायचे आहे, तोच हात अंधारात राहतो.

त्यात चाळिशी लागली की जवळचे दिसायला जास्त उजेड लागतो. तांदळातला खडा, पालेभाजीतली अळी दिसली नाही की "आईला आता दिसत नाही" असे घरातली मंडळी म्हणतात. पुष्कळदा दोष डोळ्यांपेक्षा दिव्याच्या जागेचा असतो. तरीही जवळचे धूसर दिसत असेल तर डोळे तपासून घ्यावेतच.

आज रात्री एक साधी परीक्षा करा. ओट्यावर ताटात मूठभर तांदूळ पसरा आणि नेहमीसारखे उभे राहून निवडा. हाताची सावली ताटात पडते का ते पाहा. मग घरातल्या कुणाला मोबाईलची बॅटरी ओट्यावरच्या फळीच्या खाली धरायला सांगा. फरक लगेच कळेल. दिवा हवा तो इथे, म्हणजे तुमच्या समोर आणि ओट्याच्या वर.

फळी किंवा कपाट असेल तर दिवा त्याच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेजवळ बसवावा आणि तोंड जरासे भिंतीकडे झुकते ठेवावे. मागे भिंतीला चिकटवला तर फरशाच उजळतात, ओटा नाही. फळीच्या पुढच्या कडेला इंच-दीड इंचाची लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी मारली की उजेड डोळ्यांत जात नाही. फळीच नसेल तर दिवा समोरच्या भिंतीवर लावून त्याच्यापुढे अशीच पट्टी आडवी द्यावी. शेगडीच्या थेट वर मात्र दिवा नको. वाफ, फोडणीचा तेलकट धूर आणि आच यांनी तो लवकर खराब होतो.

दिवा कोणता घ्यावा? चार-पाच फुटी ओट्याला दोन फुटी, १० वॅटचा एलईडी बॅटन पुरतो. काही शे रुपयांत येतो. रोज पाच तास लावला तरी महिन्याला दीड युनिट वीज लागते. जुनी चार फुटी ट्यूब चोकसह साधारण ५० वॅट घेत असे, म्हणजे तेवढ्याच वेळात साडेसात युनिट. खोक्यावर रंगाचा आकडा पाहावा. ६५०० के म्हणजे निळसर पांढरा, ३००० के म्हणजे पिवळसर. स्वयंपाकाला ४००० के बरा. त्यात भाजीचा ताजेपणा आणि भाकरीचा रंग नीट कळतो. सीआरआय हा आकडा ८० किंवा त्याहून जास्त असावा. त्यावरून वस्तूचे खरे रंग किती दिसतील ते समजते. भारतीय मानक ब्युरोची खूण आणि दुकानाची पावती असल्याशिवाय घेऊ नये.

काही जणी गुंडाळीतली एलईडी पट्टी आणतात. तीही चालते, पण उघडी लावू नये. काळ्या, चकचकीत ग्रॅनाइटमध्ये तिचे ठिपके दिसतात आणि डोळे दिपतात. दुधी झाकणाच्या ॲल्युमिनियम पन्हाळीत बसवावी. मागचा गोंद तेलकट फळीवर धरत नाही, म्हणून फळी साबणाने पुसून पूर्ण कोरडी करावी आणि वर क्लिपा ठोकाव्यात. पट्टी १२ व्होल्टची असेल तरी तिच्या ॲडॉप्टरला घरातली २३० व्होल्टचीच वीज येते. ते बेसिन आणि मोरीपासून लांब ठेवावे.

आता सुरक्षिततेचे. पाणी आणि वीज जिथे जवळ येतात तिथे काटकसर करू नये. फ्रिजच्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळून जोड काढू नये. परवानाधारक वायरमनकडून वेगळे बटण घ्यावे, अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. झटका बसताक्षणी तो वीज तोडतो. काम करताना नुसते बटण बंद करून भागत नाही, मेन स्विच बंद हवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरजवळ खाली प्लग नको. वास आला तर कोणतेही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

भाड्याच्या खोलीत भिंत फोडता येत नाही. तिथे चार्जिंगचा छोटा दिवा फळीखाली अडकवावा. घर बदलले की तो बरोबर नेता येतो.

या दिव्याचा खरा उपयोग एका खोलीच्या संसारात आहे. पहाटे उठून डबे करायचे, शेजारी मुले झोपलेली, कुणी रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला. मोठी ट्यूब लावली की सगळे जागे होतात, म्हणून आई काळोखातच चाचपडत पोळ्या लाटते. ओट्यापुरता उजेड असला की तिचे काम होते आणि बाकीच्यांची झोपही.

विजेचा विचार आपल्याला नवा नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते आणि वीज त्यांच्याच खात्यात येत होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये दिल्लीच्या बैठकीत त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. विजेवाचून उद्योगधंदे वाढणार नाहीत आणि त्यावाचून दारिद्र्य हटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. देशाच्या कारखान्यातल्या कामगारासाठी इतका विचार झाला. घरातली कामगार मात्र अजून आपल्याच सावलीत उभी आहे. तिच्या कामाला मान द्यायचा तर आधी ते काम दिसेल एवढा उजेड तरी देऊ या.

आणि हे काम घरातल्या मुलीला बरोबर घेऊन करा. माप तिला घेऊ द्या, खोक्यावरचे आकडे तिला वाचू द्या, वायरमन काय करतो ते तिला विचारू द्या. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींनाही खुला आहे.

जयभीम!