निवड करण्यास मुदत हवी

बारावीचा निकाल लागला, आणि मुलाने अभियांत्रिकी व वैद्यक या दोन्ही राजमार्गांकडे पाठ फिरवून पदार्थविज्ञान व गणित यांचीच कास धरण्याचा हट्ट घेतला, म्हणजे घरात जी मसलत सुरू होते, तीत संस्थेची कीर्ती, शुल्क, वसतिगृह आणि पुढील नोकरी यांचा यथास्थित ऊहापोह होतो; परंतु या दोहोंपैकी एका विषयाचा त्याग त्याला कोणत्या वर्षी करावा लागेल, हा मुख्य प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाही.

सतराअठराव्या वर्षी आपली बुद्धी प्रयोगात रमेल की सिद्धतेत, हे सांगू शकणारा विद्यार्थी विरळा. कारण शाळेतील गणित हे बहुतांशी आकडेमोडीचे असते, आणि अमूर्त बीजगणिताची खरी गाठ पदवीच्या वर्गातच पडते. शिवाय या दोन शास्त्रांमधील कुंपण फारसे पुरातनही नाही. ज्या केंब्रिजच्या गणित-परीक्षेत १८९९ साली रघुनाथराव परांजपे सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, झाले, त्याच परीक्षेत विद्युच्चुंबकीय सिद्धांताचा जनक मॅक्सवेल १८५४ साली दुसरा आला होता. आणि जयंतराव नारळीकर काशीची पदवी घेऊन त्याच परीक्षेच्या वाटेने खगोलशास्त्राकडे वळले.

आपल्या जुन्या महाविद्यालयांचा शिरस्ता मात्र पहिल्या वर्षी तीनचार विषय आणि तिसऱ्या वर्षी एकच, असा राहिला. याउलट २००६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत आरंभीच्या सत्रांत जीवशास्त्र व रसायन यांसह चारही शास्त्रे शिकावी लागतात. मुंबईच्या कालिन्यातील मूलभूत विज्ञान केंद्रातही मुख्य विषयाची निवड प्रवेशानंतरच होते. तर चेन्नईच्या गणित संस्थेत गणित व पदार्थविज्ञान यांची जोडपदवीच मिळते, जरी तेथील ओढा उपकरणांपेक्षा सिद्धांताकडे अधिक आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने तर शतकभर केवळ उच्च अध्ययन चालवून २०११ साली पदवीचे वर्ग उघडले. या संस्थांचे अर्ज व प्रवेशपरीक्षा सरसकट एक नाहीत. म्हणून त्यांच्या मुदतींची नोंद निकालाच्या कितीतरी आधी करून ठेवणे इष्ट.

परंतु सर्वांनाच तेथे जागा मिळत नाही, आणि परगावचा खर्च सर्वांना झेपतही नाही. अशा वेळी जिल्ह्याच्या महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातील छायाचित्रांवर विसंबण्यापेक्षा तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची प्रत मागून घ्यावी. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला गणिताच्या तासाला बसू देतात काय, प्रयोगशाळेतील उपकरणांना त्याचा हात लागतो की ती कपाटात कुलूपबंद असतात, आणि तासानंतर शंका घेऊन गेलेल्या मुलासाठी वेळ काढणारा एखादा अध्यापक तेथे आहे काय, याची चौकशी शिकत्या विद्यार्थ्यांकडेच करावी. ही उत्तरे समाधानकारक असतील तर संस्थेचे नाव लहान आहे एवढ्या कारणास्तव ती नाकारू नये. आणि उत्तरे तशी नसतील, तर नाव कितीही मोठे असले तरी मुलाला तेथे धाडण्याची घाई करू नये.